गाव परत मिळालं, पुढं काय?

मैत्रिणींनो, २६ जानेवारी २०१५ ची सकाळ आठवते का? दिल्लीत भुरभुर पाऊस होता. आपण जिलेबीचा पुडा सोडून, चहाचा कप हातात घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा प्रमुख पाहुणे होते. पण आपल्या लक्षात राहिल्या त्या राजपथावरून ताठ मानेनं चालत गेलेल्या मुली. लष्कर, नौदल आणि हवाई दल, तिन्ही दलांच्या फक्त बायकांच्या तुकड्या त्या वर्षी पहिल्यांदाच संचलनात उतरल्या होत्या. घराघरांत आया, मावश्या, आज्या डोळे पुसत होत्या. ‘बघ गं, कशा चालतात पोरी!’ असं कौतुक चाललं होतं.

त्याच दिवशी, दिल्लीपासून काही हजार किलोमीटरवर, सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेला चिकटून असलेल्या एका लहानशा गावातही झेंडा फडकत होता. तिथंही खाकी कपड्यातल्या मुली होत्या. पण त्या संचलन करत नव्हत्या. सव्वाचार महिने गल्लीबोळातून लढून त्यांनी नि त्यांच्या भावांनी आपलं गाव ‘आयसिस’ नावाच्या क्रूर संघटनेच्या तावडीतून सोडवलं होतं. त्या गावाचं नाव कोबानी.

या मजकुराला निमित्त झालं एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचं. ती लिहिते, ‘ताई, टीव्हीवर रोज कुठलं ना कुठलं गाव पडतं, कुठलं तरी परत घेतलं जातं. नकाशावर लाल-हिरवे रंग बदलतात. आपल्याला काय कळणार त्यातलं? मी तर चॅनेल बदलते.’ तिचं खोटं नाही. आपल्याला नकाशातलं कळत नसेलही. पण गाव म्हणजे काय ते आपल्याइतकं कुणाला कळतं? म्हणून आज एकाच गावाची गोष्ट सांगते. नकाशावरची नव्हे, त्याच्या उंबऱ्यावरची.

कोबानी काही प्राचीन राजधानी वगैरे नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी बर्लिन ते बगदाद असा रेल्वेमार्ग टाकायचं काम चाललं होतं. जर्मन कंपनीचं काम, तिथंच एक स्टेशन, नि स्टेशनच्या भोवती वाढलेली वस्ती. ‘कोबानी’ हे नावच ‘कंपनी’ या शब्दावरून पडलं असं लोक सांगतात. अरबीत त्याला ऐन अल-अरब म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर सीमा आखल्या गेल्या तेव्हा तोच रेल्वेचा रूळ सीमा झाला. रुळाच्या अलीकडे सीरिया, पलीकडे तुर्कस्तान. एकाच कुटुंबातली माणसं दोन देशांत वाटली गेली. सासर एका देशात, माहेर दुसऱ्या देशात. आपल्याकडं फाळणीनं जे केलं, ते तिथं रुळानं केलं.

इथली बहुतेक माणसं कुर्द. कुर्द म्हणजे आपली भाषा, आपली गाणी, आपला पोशाख असलेला, पण स्वतःचा देश नसलेला समाज. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत तो विखुरलेला आहे. २००४ च्या जनगणनेत कोबानीची लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव धरा. बाजारपेठ, शाळा, दवाखाना, भोवती गव्हाची शेतं नि लहान लहान खेडी. सीरियात यादवी पेटल्यावर २०१२ च्या जुलैत सरकारी फौज तिथून निघून गेली आणि कुर्दांनी गावाचा कारभार स्वतःच्या हातात घेतला.

आता २०१४ सालाकडं या. जूनमध्ये आयसिसनं इराकमधलं मोसुल हे मोठं शहर घेतलं. पळालेल्या इराकी फौजेची शस्त्रं नि गाड्या आयत्याच मिळाल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी सिंजारवर हल्ला केला. तिथं यझिदी लोक राहतात. पुरुषांना मारलं आणि हजारो बायका-मुलींना उचलून नेलं, बाजार भरवून विकलं. पुढं २०१८ मध्ये ज्यांना शांततेचं नोबेल मिळालं त्या नादिया मुराद याच सिंजार भागातल्या एका खेड्यातल्या. त्यांच्या तोंडून जगानं ती हकिकत ऐकली. पण कोबानीच्या बायकांना ती आधीच कळली होती. आयसिसची माणसं गावाकडं निघालीत म्हणजे आपल्या वाट्याला काय येणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या मध्याला हल्ला सुरू झाला. आधी भोवतालची खेडी एकामागून एक पडली. लोक सीमेकडं धावले. तुर्कस्ताननं कुंपण उघडलं आणि अवघ्या तीन-चार दिवसांत १ लाख ३० हजारांहून अधिक माणसं पलीकडं गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. डोक्यावर गाद्या, कडेवर लेकरं, पाठीवर म्हातारी सासू. आपल्याकडं पुराचं पाणी शिरल्यावर कोयना-कृष्णाकाठच्या बायकांनी काय काय उचललं होतं ते आठवा. पत्र्याची पेटी, मुलांचे दाखले, देवघरातले देव. घर सोडताना बाई काय उचलते, यात तिचं सगळं आयुष्य असतं.

सगळे गेले नाहीत. काही हजार माणसं मागं राहिली, लढायला. त्यांत मुली होत्या. कुर्दांच्या लढाऊ दलात बायकांचं वेगळं दल २०१३ मध्येच उभं राहिलं होतं. ‘वायपीजे’ हे त्याचं नाव. त्यांची स्वतःची तुकडी, स्वतःची नायिका. कोबानीच्या बचावाचं नेतृत्व ज्यांच्याकडं होतं त्यांतली एक बाईच होती, मायसा अब्दो. रणांगणावरचं तिचं नाव नारिन आफ्रिन. ऑक्टोबरच्या अखेरीस तिनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून जगाला मदतीचं आवाहन केलं. खंदकात बसलेली बाई जगातल्या मोठ्या वर्तमानपत्रात आपलं म्हणणं मांडते, हे विसरू नका. कारण पुढं तिचं म्हणणं मागं पडलं आणि भलत्याच गोष्टी पुढं आल्या. त्याकडं येतेच.

समोर रणगाडे नि तोफा, यांच्या हाती बंदुका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आयसिसची माणसं गावात शिरली. पूर्वेकडच्या भागात काळे झेंडे दिसू लागले. ५ ऑक्टोबरला गावाजवळच्या मिश्तेनूर टेकडीवर आरिन मिरकान नावाच्या लढवय्या मुलीनं अंगावरच्या स्फोटकांसह शत्रूवर स्वतःला झोकून दिलं. पुढं गावात तिचं स्मारक झालं. तिथली माणसं तिला मानतात. ते मी समजू शकते. पण खरं सांगू? मला हे वाक्य लिहिताना हात जड होतो. एका तरुण पोरीला याखेरीज दुसरी वाट उरू नये, यात अभिमान कुणी आणि किती मानायचा? लाज वाटायला हवी ती तिला एकटं सोडणाऱ्यांना.

कारण सगळं जग बघत होतं, अगदी शब्दशः. सीमेपलीकडच्या टेकड्यांवर परागंदा झालेले कोबानीकर दुर्बिणी घेऊन उभे राहायचे. आपली गल्ली कुठली, धूर कुणाच्या घरातून येतोय, हे बोटानं दाखवायचे. शेजारीच तुर्कस्तानचे रणगाडे रांगेनं उभे होते, न हलता. ७ ऑक्टोबरला तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान म्हणाले, कोबानी पडण्याच्या बेतात आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनीही तिथलं चित्र भयंकर असलं तरी आमचं मूळ उद्दिष्ट ते गाव नाही, अशा अर्थाचं सांगितलं. मोठ्यांच्या हिशेबात एक गाव जमेलाच धरलेलं नव्हतं.

मग हिशेब का बदलला? एक तर गाव पडता पडत नव्हतं. दुसरं, टेकड्यांवर कॅमेरे होते नि रोज रात्री जगाच्या घराघरांत कोबानी दिसत होतं. ज्या गावाची बातमी होते त्याला मदत मिळते, हे कडू सत्य आहे. अमेरिका नि मित्रदेशांच्या विमानांनी हल्ले वाढवले. २० ऑक्टोबरच्या सुमारास अमेरिकी विमानांनी शस्त्रं आणि औषधं वरून टाकली. इराकमधल्या कुर्दांनी दिलेली ती मदत होती. महिनाअखेर इराकी कुर्दांचे सुमारे दीडशे पेशमर्गा सैनिक तोफा घेऊन, तुर्कस्तानमार्गे कोबानीत पोचले. सीरियातल्या काही अरब बंडखोरांच्या तुकड्याही कुर्दांच्या खांद्याला खांदा लावून लढत होत्या.

आणि मग गाव परत घेण्याची मोहीम सुरू झाली. ही मोहीम म्हणजे सिनेमात दाखवतात तशी एका दमातली चढाई नव्हे. आज एक घर, उद्या समोरचं दुकान, परवा शाळेची इमारत. रस्त्यावरून चाललं तर नेमबाज टिपतो, म्हणून घरांच्या भिंतींना भगदाडं पाडून आतून आतून पुढं सरकायचं. गल्लीवर मोठमोठे पडदे बांधायचे, कशासाठी तर पलीकडच्या बंदुकीला आपली हालचाल दिसू नये म्हणून. चादरी, पडदे. बाईनं ज्या दारा-खिडक्यांना लावले असतील, तेच आता लढाईच्या कामी आले. १९ जानेवारीला मिश्तेनूर टेकडी परत मिळाली आणि २६ जानेवारीला सारं गाव.

आयसिसचा हा पहिला मोठा पराभव मानला जातो. त्याआधी ते जिथं जात तिथं जिंकत होते. अजिंक्य आहोत ही त्यांची हवा कोबानीनं काढून घेतली. पुढं कुर्दांनी मित्रांना घेऊन जून २०१५ मध्ये सीमेवरचंच तल अब्याद घेतलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आयसिसची तथाकथित राजधानी रक्का पडली. मार्च २०१९ मध्ये तर त्यांच्या हातात सीरियातली गुंठाभर जमीनही उरली नाही. याची सुरुवात त्या पंचेचाळीस हजारांच्या गावातून झाली, हे निर्विवाद.

पण मैत्रिणींनो, बातम्या इथं थांबतात. झेंडा लागला, फोटो निघाला, वार्ताहर पुढच्या गावाला गेले. आपल्या पुरवणीनं तरी इथं थांबू नये.

गाव परत मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं? उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांवरून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मोजणी केली. तीन हजारांहून अधिक इमारतींना तडाखा बसला होता. त्यांतल्या बाराशेच्या वर पार जमीनदोस्त. आयसिसनं स्फोटकं भरलेल्या गाड्या आदळल्या होत्या, तसे वरून मित्रांचे बॉम्बही पडले होते. ढिगाऱ्याला कुणाचा बॉम्ब ते विचारून काय उपयोग? विमानांशिवाय गाव वाचलं नसतं हेही खरं, आणि वाचवता वाचवता ते मोडलं हेही खरं.

सीमेपलीकडच्या तंबूत बसलेल्या बायकांना घरची ओढ लागली होती. त्या परतू लागल्या. पण पळता पळता आयसिसनं घराघरांत स्फोटकं पेरून ठेवली होती. आपलंच दार उघडायचं, आपल्याच अंगणातला ढिगारा बाजूला करायचा, आणि त्यात जीव जायचा. लढाईत वाचलेली माणसं घर आवरताना मेली. शेतात जायची भीती, मुलांना खेळायला सोडायची भीती. पाण्याची नि विजेची बोंब. अशा गावात चूल मांडायची हे काम कुणाचं? ते वायपीजेच्या फोटोत नसतं. त्याला पदक नसतं. तेही बायकांनीच केलं.

एवढंही पुरलं नाही. २५ जून २०१५ च्या पहाटे, रमजानच्या महिन्यात, आयसिसची माणसं कुर्द सैनिकांचे कपडे घालून गावात घुसली आणि दोनशेहून अधिक निरपराध माणसं मारून गेली. बायका, मुलं, म्हातारे. पुढच्याच महिन्यात २० जुलैला, सीमेपलीकडच्या सुरुच गावात, कोबानीच्या मुलांसाठी खेळणी-पुस्तकं घेऊन निघालेल्या तरुणांच्या मेळाव्यात बॉम्बस्फोट झाला. तीसहून अधिक तरुण-तरुणी गेले. गाव उभं करायला निघालेली ही पोरं तुर्कस्तानची होती. त्यांना काय गरज होती? पण निघाली होती.

आणि मग २ सप्टेंबर २०१५. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूत पालथं पडलेलं, लाल शर्ट, निळी चड्डी नि इवलेसे बूट घातलेलं लेकरू. झोपल्यासारखं. ते कुटुंब मूळ कोबानीचं. रबरी होडीतून ग्रीसच्या बेटाकडं निघालं होतं. होडी उलटली. ते लेकरू, त्याचा मोठा भाऊ नि त्यांची आई, तिघंही गेली. बापानं तिघांना कोबानीत आणून मूठमाती दिली. गाव ‘मुक्त’ होऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या आईनं तो जीवघेणा प्रवास का पत्करला असेल, हा प्रश्न मला त्या फोटोइतकाच छळतो. गाव परत मिळालं होतं, पण तिला तिथं मुलं वाढवता येतील असा भरवसा परत मिळाला नव्हता.

आता फोटोंविषयी थोडं. त्याच लढाईत एका तरुण मुलीचा फोटो जगभर फिरला. सैनिकी वेषात, हसरी, दोन बोटं उंचावलेली. तिनं म्हणे एकटीनं आयसिसचे शंभर जण मारले. तिला ‘कोबानीची देवदूत’ असं नाव मिळालं. मग म्हणे तिचा शिरच्छेद झाला. मग म्हणे ती जिवंत आहे. यातल्या कशालाही पुरावा मिळाला नाही. त्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं! तिचा चेहरा गोरा नि देखणा होता, एवढं पुरेसं होतं. बाकीची गोष्ट लोकांनी स्वतःच रचली. ‘बाईच्या हातून मेलो तर स्वर्ग मिळत नाही म्हणून आयसिसवाले घाबरतात’ हेही वाक्य चवीनं छापलं गेलं. तेव्हा आमच्यासारख्या छापणाऱ्यांनीही रणरागिणी, दुर्गा, चंडिका अशी विशेषणं उधळली. आमच्या चुकीचा वाटा मी नाकारत नाही. कारण देवी केली की दोन गोष्टी सोप्या होतात. तिला दुखतं का ते विचारावं लागत नाही, आणि तिला वाटा द्यावा लागत नाही.

त्या बायका मात्र वाटाच मागत होत्या. कुर्दांच्या कारभारात जिथं पुरुष अध्यक्ष तिथं जोडीला बाई अध्यक्ष, अशी पद्धत त्यांनी पाडली. सहीला दोघं. कोबानी वेढ्यात असतानाच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, कुर्दांच्या जझीरा भागात एक फर्मान निघालं. अठराच्या आत लग्न नाही, दुसरी बायको नाही, वारशात मुलीला मुलाइतका हक्क. बॉम्ब पडत असताना त्यांना हे सुचलं. ‘आधी लढाई संपू दे, मग बायकांचं बघू’ असं त्या म्हणाल्या नाहीत. आपल्याकडं मुलीला वडिलार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि सबंध देशात २००५ मध्ये झाली. तरी आजही भाऊबीजेची साडी घेऊन, तलाठ्यापुढं हक्कसोड करून देणाऱ्या आपल्यात किती आहेत? लाजू नका, हात वर करा. माझाही हात वर आहे.

कौतुक करताना दुसरी बाजू झाकायची नाही. याच कुर्द दलांत अठराच्या आतली मुलं-मुली घेतल्याचं ह्यूमन राइट्स वॉचसारख्या संस्थांनी दाखवून दिलं. २०१४ च्या जुलैत दलानं अल्पवयीनांना लढाईतून काढण्याचं लेखी वचन दिलं, पण ते लगेच पुरतं पाळलं गेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या हाती बंदूक देणं चूकच, मग शत्रू कितीही राक्षसी असो. आपल्या बाजूच्या चुकीला चूक म्हणता आलं तरच दुसऱ्याला बोलायचा अधिकार राहतो.

‘हे सगळं लांबचं’ असं अजूनही वाटतंय? मग कल्याणकडं पाहा. मे २०१४ मध्ये कल्याणची चार तरुण पोरं यात्रेच्या निमित्तानं इराकला गेली आणि आयसिसमध्ये सामील झाली. त्यांतला एक नोव्हेंबरात परत आला. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. त्यांच्या घरीही आया होत्या, डबा भरून ठेवणाऱ्या. जेव्हा कोबानीच्या गल्लीत मुली लढत होत्या, तेव्हा आपल्याच एका लोकलच्या स्टेशनावरून निघालेली मुलं त्यांच्या शत्रूच्या गोटात होती. लांब काही नसतं. पोरगा खोलीचं दार लावून मोबाईलवर काय बघतोय, कुणाचा राग मनात धरून बसलाय, हे विचारायला कुठली सीमा ओलांडावी लागत नाही. आणि हे कुठल्या एकाच धर्माच्या घराला लागू आहे असं कुणी समजू नये. द्वेष शिकवणारे सगळीकडं दबा धरून असतात.

कोबानीचं पुढं काय झालं? गाव बरंचसं पुन्हा बांधलं गेलं. मोडलेल्या वस्तीचा एक भाग तसाच आठवण म्हणून राखला. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमध्ये असद यांची राजवट कोसळली. मार्च २०२५ मध्ये मूळ कोबानीचेच असलेले कुर्दांचे सेनापती मझलूम अब्दी आणि नवे राष्ट्राध्यक्ष अहमद अल-शरा यांनी कुर्दांचा कारभार देशाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याच्या करारावर सह्या केल्या. पण सही झाली म्हणून तिथल्या बायकांची झोप निर्धास्त झाली असं नाही. दोघांच्या सहीची ती पद्धत, वारशाचा तो हक्क, हे सगळं नव्या व्यवस्थेत टिकेल का, ही त्यांची खरी चिंता आहे. लढाईच्या वेळी बाई चालते. तह करायला बसतात तेव्हा तिची खुर्ची कुठं असते, ते बघा. जगात कुठंही बघा.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला सांगावंसं वाटतं, पुढच्या वेळी ‘अमुक गाव परत घेतलं’ अशी बातमी लागली की चॅनेल बदलू नकोस. नकाशा कळला नाही तरी चालेल. एवढंच विचार: तिथल्या बायका घरी परतल्या का? त्यांच्या अंगणातली स्फोटकं निघाली का? शाळा कधी उघडली? आणि करार झाला तेव्हा त्यांच्यातली कुणी त्या खोलीत होती का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गाव परत मिळालं असं म्हणायची घाई नको.

दर २६ जानेवारीला झेंड्याला सलाम करून आपण घरी येतो, कुलूप काढतो, गॅस पेटवतो. किल्ली लागली, दार उघडलं, सगळं जागच्या जागी आहे. किती साधी गोष्ट वाटते ही. कोबानीच्या बाईला विचारा.